न उमटलेला ठिपका

१

जानेवारी उजाडला की तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी गोळ्यांचं प्रॅक्टिकल देते. महाडच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. मुलांना हे प्रॅक्टिकल आवडतं, कारण त्या दिवशी घरातली वस्तू प्रयोगशाळेत येते. डोकेदुखीच्या, तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या खलात कुटायच्या, अल्कोहोलमध्ये ढवळायच्या आणि केसासारख्या बारीक काचेच्या नळीने त्यांचा एकेक ठिपका पांढऱ्या पट्टीवर ठेवायचा. पट्टी म्हणजे पातळ पत्र्यावर दिलेला सिलिकाचा लेप. खाली पेन्सिलीची रेघ, रेघेवर ठिपके. मग ती पट्टी झाकणाच्या बरणीत उभी करायची. बरणीच्या तळाशी जेमतेम ओल असेल एवढं द्रावक असतं. ते आपोआप पट्टीवर चढू लागतं आणि गोळीतली द्रव्यं त्याच्याबरोबर निघतात, पण प्रत्येकाची चाल वेगळी. कोणी लवकर थकतं, कोणी थेट वर जातं. पट्टी वाळली की काळ्या पेटीत अतिनील दिव्याखाली धरायची. सगळी पट्टी हिरवट उजळते आणि जिथे द्रव्य थांबलं तिथे काळा डाग दिसतो. कुठल्या उंचीवरचा डाग कशाचा, हे इतक्या वर्षांत मला पाठ झालंय.

त्या दिवशी मुलं जेवायला गेल्यावर मी एक नवी पट्टी घेतली. कॅफीन आणि पॅरासिटामॉलच्या शेजारी, कडेला अ‍ॅस्पिरिन, आणि मधे उरलेल्या जागेत आईच्या गोळीचा ठिपका ठेवला.

आईचं नाव आवडी. वरंधच्या वर घाटाच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथे ती एकटी राहते. भाऊ किशोर मुंबईला, मी महाडला. कोणाकडेच यायला ती तयार नव्हती. तिचे गुडघे कित्येक वर्षांपासून गेलेले. उठताना, बसताना, ओटा उतरताना तिच्या तोंडून एक ‘आई गं’ निघायचं. शेवटचा सूर जरा वर ओढलेला. त्या आवाजावरून घरात ती कुठे आहे हे आम्हाला न बघता कळायचं. आणि या दिवाळीनंतर मी गेले तर ती वालाच्या वावरात उकिडवी बसून निंदणी करत होती. माझी चाहूल लागताच उठली आणि बांधावरून चालत आली. तोंडातून आवाज नाही.

गुडघ्यांसाठी गोळ्या घेते म्हणाली. त्या वर्तमानपत्राच्या पुडीत होत्या. पांढऱ्या, गोल, कसलंही नाव नसलेल्या. मला एकदम भीती वाटली. अशा निनावी गोळ्यांत स्टेरॉइड घातलेलं असतं हे मी ऐकून होते. माणूस काही महिने हरणासारखा पळतो आणि मग त्याची हाडं आतून पोकळ होतात. त्यातल्या थोड्या गोळ्या मी आईच्या नकळत पर्समध्ये टाकून आणल्या होत्या.

दिव्याखाली पट्टी धरली. तीन डाग आपापल्या जागी होते. आईच्या गोळीच्या वाटेवर काहीच नव्हतं. आयोडिनच्या बरणीत ठेवून पाहिली. बाकीचे डाग तपकिरी झाले, ती वाट कोरीच राहिली. म्हणजे नुसता खडू, पिठूळ. कोणीतरी म्हातारीला फसवलं होतं आणि तिचं मन तेवढ्यावर बरं झालं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं.

पण शेजारचे दोन्ही डाग सरळ वर गेले नव्हते. डावीकडचा डावीकडे सरकला होता, उजवीकडचा उजवीकडे. रस्त्यात काहीतरी बसलेलं असावं आणि त्याला वळसा घालून जावं, तसे.

लेपाला कुठे ओरखडा असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि पट्टी उरलेल्या गोळ्यांच्या पुडीबरोबर ड्रॉवरमध्ये टाकून चहाला गेले.

२

रविवारी वाडीवर गेले. वरंधपर्यंत एसटी आणि तिथून रितेशची जीप. रितेश महाडचा, वरंधच्या नाक्यावरून भाडी मारतो, माझ्या ओळखीचा. वाडीत निम्म्या घरांना कुलपं; माणसं मुंबईत. जी उरलीत ती म्हातारी.

आमच्या घराचा पुढचा भाग किशोरने स्लॅबचा करून घेतलाय. मागचं स्वयंपाकघर मात्र जुनंच, कौलारू, वर लाकडी माळा. माळ्यावर भाताच्या कणग्या असतात आणि वर जायला भिंतीला टेकवलेली शिडी. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत बसली होती.

मी तिला सांगितलं की त्या गोळ्यांत औषध नाही, नुसता खडू आहे. ती हसली. म्हणाली, खडू तर खडू, गुडघा उतरला ना? मी विचारलं, दिल्या कोणी. शेजारच्या रंगूबाईने दिल्या म्हणाली.

रंगूकाकू ओट्यावर सुपात वाल पाखडत होती. तिचीही कंबर सरळ झालेली दिसली. आधी ती जमिनीकडे बघत चालायची. तिने सांगितलं, तिला भिकूने आणून दिल्या. भिकू वाडीच्या वरच्या टोकाला राहतो, गुरं राखतो. मी चढून त्याच्याकडे गेले. तो दारातच बसला होता. विचारल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चेष्टा करते आहे.

“मला तुज्या आवशीनंच दिल्या की.”

परत येऊन आईला सांगितलं. तिने मान हलवली. नाय गो, मला रंगूनं दिल्या. तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं, एवढं मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. म्हातारी माणसं विसरतात, मी मनाशी म्हटलं. बाजारातून कोणी आणल्या असतील आणि हातोहात फिरल्या असतील.

मग आईने तवा उतरवला. हाताने. फडकं नाही, पकड नाही. तापलेला लोखंडी तवा तिने उघड्या पंजात धरला, बाजूला ठेवला आणि पुढची भाकरी निखाऱ्यावर टाकली. कातडं जळल्याचा वास आला. मी तिचा हात ओढून घेतला. तळव्यावर पांढरट पट्टा उमटला होता. आई त्याच्याकडे माझ्याइतक्याच कुतूहलाने बघत होती.

“काय झालं नाय,” ती म्हणाली.

त्याच वेळी वर माळ्यावर कोणीतरी श्वास आत ओढला. दातांमधून, चटका बसल्यावर ओढतात तसा. आणि मग फुंकर घालण्याचा आवाज यायला लागला. फू, फू, फू. भाजलेल्या हातावर कोणी घालावी तशी, थांबून थांबून.

मी आईकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

कौलातून वारा येत असेल, मी म्हणाले. आई म्हणाली, हो, वाराच आसल. आणि उठून तिने माझं ताट वाढलं. बाहेर वालाचं पानही हलत नव्हतं. शिडीच्या पायाशी पाण्याचा एक तांब्या ठेवलेला होता, तो कोणासाठी हे मी तिला विचारलं नाही. ताट मी तसंच बाजूला सरकवलं. उजेड आहे तोवर निघायला हवं, असं सांगून मी निघाले.

३

किशोरला फोन केला. तो म्हणाला, ताई, टेन्शन घेऊ नको, आई खूश आहे ना, चालते-फिरते ना, मग बस झालं. माळ्यावरच्या आवाजाचं मी त्याला सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर मलाच हसू आलं असतं, किंवा हसू आलं नसतं, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

मी पुन्हा प्रयोग केला. नवी बरणी, नवं द्रावक, नवीन पाकिटातली पट्टी. या वेळी आईच्या गोळीचा ठिपका बरोबर मध्ये ठेवला आणि दोन्ही बाजूंना एकाच पॅरासिटामॉलचे ठिपके एकमेकांजवळ लावले. बरणीवर झाकण ठेवून मी समोर बसून राहिले. द्रावक वर चढताना ओल्या भागाची कड सरळ रेषेत सरकते. मध्यावर आल्यावर ती वाकली. मधल्या वाटेवर तिला खळगा पडला, जणू तिथली जागा आधीच भरलेली होती.

दिव्याखाली सगळे पॅरासिटामॉलचे डाग बाहेरच्या बाजूला झुकलेले. मधली जागा कोरी, आणि त्या कोऱ्या जागेला आता आकार होता. खाली रुंद, वर निमुळता. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाला पाठीमागून पाहावं तसा.

डोळे शिणलेत, मी स्वतःला म्हटलं. ढगात हत्ती दिसतो, पट्टीवर माणूस दिसतो. मी पेटीतला दिवा बंद केला.

तेवढ्यात भरतभाऊ आले. ते आमचे प्रयोगशाळा परिचर. पन्नाशीचे, पोलादपूरहून रोज येणारे. पाठीच्या दुखण्याने बेजार. खालच्या कप्प्यातली बाटली काढायची तर ते टेबलाला धरून टप्प्याटप्प्याने वाकायचे. आता ते आले ते द्रावकाचं भरलेलं पिंप दोन्ही हातांत उचलून. पिंप खाली ठेवलं, ताठ उभे राहिले आणि जरा लाजत म्हणाले की मॅडम, रागावू नका, तुमच्या ड्रॉवरमधल्या पुडीतली एक घेतली. पाठ फारच धरली होती. प्रॅक्टिकलची आहे म्हणजे पेनकिलरच असणार, असं वाटलं.

मी काही बोलेपर्यंत ते कपाट उघडायला वळलेही होते. त्या कपाटाचं दार जड, लोखंडी, आपोआप मिटणारं आहे. ते मिटलं आणि भरतभाऊंच्या हाताची दोन बोटं बिजागरीत सापडली. मला तो चुरडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. भरतभाऊ बाटलीवरची चिठ्ठी वाचत होते. ते वाचतच राहिले.

प्रयोगशाळेला लागून सामानाची खोली आहे. तिला बाहेरून कडी होती. त्या दाराआडून भरतभाऊंच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, “आई गं, मेलो.”

आवाज मोठा नव्हता. दात आवळून, दुसऱ्या कोणाला कळू नये म्हणून दाबलेला. मग कोणीतरी हात झटकावा तशी पिंपांमधून खडखड झाली, आणि मग हळूहळू हुंदके.

भरतभाऊंनी बोटं सोडवून घेतली, त्यांच्याकडे पाहिलं, बोटं उलटसुलट केली. एक बोट भलतीकडे वळलेलं होतं.

“उंदीर झालेत आत,” ते म्हणाले. पण ते त्या दाराकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

मी त्यांना जबरदस्तीने दवाखान्यात पाठवलं, ड्रॉवरमधली पुडी बेसिनमध्ये रिकामी केली आणि रितेशला फोन लावला.

४

वाडीवर पोहोचले तेव्हा दुपार टळून गेली होती. रितेशला मी ओट्याबाहेर थांबायला सांगितलं.

आई मागच्या अंगणात होती, अनवाणी, डोक्यावर लाकडांची मोळी. मला बघून तिला आनंद झाला. ती चालत आली तशी अंगणात तिच्या मागे ओलसर ठसे उमटत गेले, एकाच पायाचे. मी तिला स्वयंपाकघराच्या दारातल्या ओट्यावर बसवून पाय वर घेतला. टाचेत फुटक्या बाटलीची काच रुतलेली होती. ती आजची नव्हती. भोवतालचं मांस काळं पडलं होतं, तिथून पाणी गळत होतं आणि घोट्यापर्यंत लाल रेघा चढल्या होत्या.

मला रडू फुटलं. आईला समजेना मी का रडते.

“दुखत नाय गो,” ती माझी समजूत घालत म्हणाली. “खरंच दुखत नाय.”

मी तिला विचारलं, गोळ्या कुठे आहेत. तिने फडताळाकडे बोट दाखवलं. पुडी अजून भरलेली होती. दिवाळीनंतर पाहिली होती तेवढीच. मी ती हातात घेतली तसं वर माळ्यावर काहीतरी सरकलं. बसल्या जागी कूस बदलावी तसं. आणि तो आवाज आला. ‘आई गं’. शेवटचा सूर वर ओढलेला.

मी लहानपणापासून ऐकलेला आवाज होता तो. आणि आई दाराबाहेर ओट्यावर बसून मला बघत होती.

मी शिडीवर पाय ठेवला.

“वर जाव नको,” आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “ती आता कुठं जरा पडलेय.”

“कोण, आई?”

“मला काय ठाव. ती कण्हते, मी कण्हत नाय. एवढंच मला ठाव. पाणी ठेवते तिला.” शिडीखालच्या तांब्याकडे बघून ती म्हणाली, “भाकरी खात नाय. पाणी पिते.”

मी चढले. का चढले हे आज सांगता येत नाही. मी विज्ञान शिकवते. कोणी वाडीतलंच माणूस वर आजारी पडलेलं असेल आणि आईच्या डोक्यात घोळ झाला असेल, असा एक विचार मी घट्ट धरून ठेवला होता. डोकं माळ्याच्या वर निघालं. कौलात बसवलेल्या काचेतून उन्हाची एक तिरीप आत येत होती, तिच्यात धूळ फिरत होती. कणग्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून कोणीतरी बसलं होतं. आईचं हिरवं लुगडं. गुडघे पोटाशी. एक हात गुडघ्यावरून वरखाली फिरत होता, आणि दुसरा तोंडाजवळ धरलेला. फू, फू.

फुंकर थांबली. मान वळायला लागली, हळू, जणू मानही दुखत होती.

मी शिडीवरून उतरले नाही, घसरले. माझ्या हातात पुडी तशीच होती. मी ती चुलीत टाकली.

५

कागद पेटला. गोळ्या निखाऱ्यांवर काही वेळ पांढऱ्या दिसल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. कसला वास नाही, धूर नाही.  आई ओट्यावरून उठून आत आली, चुलीसमोर उभी राहिली आणि तिचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत लहान मुलीसारखा झाला.

“हे काय केलंस गो,” ती म्हणाली. “ती आता खाली येल.”

वर कण्हणं थांबलं.

मग शिडीची सगळ्यात वरची पायरी वाजली. वजन पडल्यावर लाकूड करकरतं तशी. एक पाऊल, आणि मग दुसरं ओढत त्याच पायरीवर. गुडघे गेलेली माणसं अशीच उतरतात; एका पायरीवर दोन्ही पाय आणायचे, श्वास घ्यायचा, मग पुढची. प्रत्येक पायरीला ‘आई गं’. शिडी माझ्या पाठीमागे होती. मी वळले नाही.

आईने माझे दोन्ही दंड पकडले. तिची बोटं हाडापर्यंत रुतली.

“एक दे. एकच दे मला. मला नको ती. एवढी वर्सं काढली मी तिच्यासंगं, आता नको.”

चुलीत राख होती. माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि असतं तर मी दिलं असतं की नाही हे मला माहीत नाही. त्या क्षणी मला तिचा पाय दिसत होता, काळी टाच, वर चढणाऱ्या रेघा. एवढंच कळत होतं की ज्याला दुखत नाही तो गुपचूप मरतो. मी आईला मिठीत घेतलं, तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं आणि डोळे मिटले.

पावलं जमिनीवर आली. शेणाने सारवलेल्या जमिनीवरून ओढत, थांबत. आई पूर्वी गुडघ्यांना लावायची त्या बामचा वास आला. तो इतका जवळ आला की कोणीतरी माझ्या खांद्यापलीकडून आईकडे बघत असावं. ओला, थकलेला श्वास माझ्या कानाला लागला. तो चिडलेला नव्हता. त्यात नुसती दमणूक होती, फार वेळ एकटं ठेवलेल्या माणसाची.

मग आई माझ्या हातात जड झाली.

दुसरा शब्द नाही त्याला. तोवर मी धरलं होतं ते अंग रिकाम्या टोपलीसारखं होतं आणि मला ते कळलंच नव्हतं. एकदम तिचं सगळं वजन आलं, आमचे दोघींचे गुडघे वाकले, आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसून ती किंचाळली. गुडघा, हात, टाच, दिवाळीपासूनचं सगळं एकाच वेळी. मी डोळे उघडले. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो.

६

रितेश आवाज ऐकून धावत आला. आम्ही दोघांनी तिला उचलून जीपमध्ये मागच्या बाकावर आडवं केलं. ती मोठमोठ्याने कण्हत होती, मध्येच शिव्या देत होती, मला, काचेला, देवाला. मला तो आवाज आयुष्यात इतका गोड कधी लागला नव्हता.

वाडीतून जाणारा रस्ता घरांना खेटून जातो. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं येऊन बसली होती. दिवेलागण व्हायची होती, उजेड अजून होता, त्यामुळे मला सगळ्यांचे चेहरे दिसले. सगळी ताठ बसलेली. सगळ्यांचे चेहरे निवांत. कोणाच्या पायाला वेडंवाकडं फडकं बांधलेलं, कोणाचा हात कोपरातून विचित्र लोंबत होता. भिकूच्या कपाळावर उघडी खोक होती आणि तिच्यावर माशी बसली होती.

आणि त्यांच्या मागे, त्यांच्या घरांच्या आतून, माळ्यांवरून त्यांच्याच आवाजांत कण्हणं येत होतं. वेगवेगळ्या सुरांत. आधी जाताना-येताना मला हे ऐकू कसं आलं नाही? की मी त्याला वारा म्हणत होते?

रंगूकाकू उठून जीपजवळ आली. रितेशला गाडी थांबवावी लागली. तिने खिडकीतून आत वाकून आईकडे पाहिलं.

“आवडे, तुला दुखतंय?”

“दुखतंय गो,” आई म्हणाली. “लई दुखतंय.”

रंगूकाकूच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. हेवा होता असं आधी वाटलं. मग लक्षात आलं की ती घाबरली आहे. तिने स्वतःच्या घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“हळू कण्ह. त्यांना ऐकू जाईल.”

आईला ते जमणं शक्य नव्हतं. तिने पुन्हा ‘आई गं’ म्हटलं, मोठ्याने, अंगातून.

घराघरांतलं कण्हणं थांबलं. एकाच वेळी, सगळीकडचं. ओट्यांवरची माणसं हलली नाहीत; फक्त त्यांच्या माना किंचित मागे, दारांकडे वळल्या. मग रंगूकाकूच्या घरात एक शिडी करकरली. तिच्या पलीकडच्या घरात दुसरी.

रितेशला मी काहीच सांगितलं नव्हतं. त्याने गाडी टाकली ती वरंधच्या नाक्यापर्यंत थांबवली नाही.

७

आईचा पाय वाचला. टाचेचा सडलेला भाग काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर तीही गेली असती, आणि एवढं होईपर्यंत पेशंटला कळलं कसं नाही हे त्यांनी मला दोनदा विचारलं.

वाडीवर मी त्यानंतर गेलेले नाही. रितेश भाडं घेऊन एकदा खालपर्यंत गेला होता. वाडीतून कोणी उतरताना दिसलं नाही, एवढंच तो म्हणाला. भरतभाऊंना मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, मॅडम, किती वर्षांनी मी रात्री सरळ पाठीवर झोपतोय. ते रोज कामावर येतात, पिंप उचलतात, वाकडं बोट घेऊन लिहितात. सामानाच्या खोलीची किल्ली ते स्वतःजवळ ठेवतात आणि दुपारी पाण्याची बाटली घेऊन आत जातात. गोळ्यांचं प्रॅक्टिकल मी यंदा अर्ध्यावर सोडलं. मुलांनी कारण विचारलं नाही. त्यांनाही त्या खोलीच्या भिंतीजवळ बसायला आवडत नाही.

आई आता माझ्याकडे असते. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरते. उठताना कण्हते, बसताना कण्हते. आणि दर वेळी कण्हून झालं की थांबते आणि मला विचारते, “मीच ना गो?”

मी तिच्या ओठांकडे बघते आणि मगच सांगते, हो, तूच.

परवा मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होते. स्वयंपाकघरातून ‘आई गं’ आलं, शेवटचा सूर वर ओढलेला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग आईने विचारलं, मीच ना गो.

मधे भिंत होती. मला ओठ दिसत नव्हते.

मी हो म्हणाले.